बादली इकडे, हँडल तिकडे

रुपालीला डोहाळे लागले ते करवंदाच्या आइस्क्रीमचे, आणि तिथूनच सगळ्या फजितीला सुरुवात झाली.

शहाण्या मुलींना सातव्या महिन्यात चिंचा-कैऱ्या खाव्याशा वाटतात, फार तर पाणीपुरी. या वस्तू वडगाव मावळच्या बाजारात चपला घालून गेलं की मिळतात. पण सखाराम ओव्हाळांच्या रुपालीने जन्मात कधी सोपं काही मागितलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी ती नाशिकहून माहेरी आली, खुर्चीत पाय लांब करून बसली, आईने, कस्तुराबाईंनी, पुढे केलेलं सरबत बाजूला सारलं आणि म्हणाली, "पप्पा, मला करवंदाचं आइस्क्रीम खायचंय. विकतचं नाही. पॉटचं. माझ्या बारावीच्या निकालाला केलं होतं, तसं."

सखारामभाऊंच्या हातातला पेपर खाली आला. आत कस्तुराबाईंच्या हातातली पळी थांबली. बारावीच्या निकालाचं आइस्क्रीम ही गोष्ट त्या घरात आठ वर्षांत कोणी तोंडातून काढली नव्हती.

"लोणावळ्याहून आणतो की," सखारामभाऊ सावरून म्हणाले. "हल्ली जांभळाचं, सीताफळाचं, लागेल त्याचं मिळतं. डब्यात घालून देतात."

"विकतचं नाही म्हटलं ना."

"पुरवायला पाहिजेत हं डोहाळे," आतून कस्तुराबाईंचा आवाज आला. "नाहीतर बाळाचे कान फुटतात."

सखारामभाऊ अंधश्रद्धेच्या कट्टर विरोधात. दर चौदा एप्रिलला या विषयावर ते विहारात पाऊण तास बोलत, आणि मंडळ माईक बंद करी तेव्हाच थांबत. पण कान नातवाचे होते. ते उठले आणि गॅलरीत जाऊन बादलीकडे बघत उभे राहिले.

आता त्या बादलीविषयी सांगायलाच हवं. पंचवीसेक वर्षांपूर्वी लोणावळ्यातल्या एका पारशी बंगल्याचं सामान विकायला निघालं होतं. सखारामभाऊ आणि त्यांच्या समोरच्या दारातले ताजुद्दीन तांबोळी सहज म्हणून बघायला गेले आणि सागवानी लाकडाचा आइस्क्रीमचा पॉट घेऊन परत आले. बाहेर बादली, आत पितळी डबा, डब्यात फिरकी आणि वर दातेरी चाकांचं हँडल. बादलीत बर्फ आणि खडेमीठ भरायचं, डब्यात दूध, आणि खांदा निखळेपर्यंत हँडल फिरवायचं. पॉट दोघांच्या भागीचा. दर मे महिन्यात सोसायटीच्या गच्चीवर दोन्ही घरं मिळून आइस्क्रीम करत. कामाची वाटणी ठरलेली होती. दुधाचं खातं सखारामभाऊंचं. फळाचं आणि हँडलचं खातं ताजुद्दीनभाईंचं, कारण ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते आणि फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूला त्यांचा हात लागला की ती कुरकुर थांबवायची. आणि एक नियम होता: ताजुद्दीनभाई म्हणेपर्यंत डब्याचं झाकण कोणी उघडायचं नाही. आधी उघडलं की खारं पाणी आत जातं.

रुपालीच्या निकालाला चाळीस माणसं बोलावली होती. आइस्क्रीम वाट्यांत पडलं, पाहुण्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि सगळ्यांचे चेहरे एकदम सभ्य झाले. आइस्क्रीम खारट होतं. सखारामभाऊंचे साहेब तर अर्धी वाटी कुंडीत ओतताना दिसले. त्या कुंडीतला मोगरा पुढे गेला तो गेलाच.

"झाकण कोणी उघडलं?" ताजुद्दीनभाईंनी विचारलं.

"हँडल तुझ्याकडे होतं. मला काय विचारतोस?" सखारामभाऊ चाळीस माणसांसमोर म्हणाले.

खरी गोष्ट अशी होती की झाकण सखारामभाऊंनीच उघडलं होतं. ताजुद्दीनभाई नमाजाला खाली गेले होते, साहेब दोनदा घड्याळ बघून गेले होते, आणि 'झालंय का एवढंच बघू' म्हणून यांनी बोटभर झाकण उचललं होतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. त्या दिवशी सांगायचं राहिलं, दुसऱ्या दिवशी लाज वाटली, आणि आठवड्याने शब्दाला शब्द वाढून दोघांचं बोलणंच बंद झालं. मग पॉटची वाटणी झाली. बादली आणि डबा ओव्हाळांकडे, हँडल तांबोळींकडे. सखारामभाऊ तहसील कचेरीत अव्वल कारकून होते, त्यामुळे वाटणी रीतसर झाली. हँडलची ताबापावती दोन प्रतींत केली होती. त्यात वस्तूचं वर्णन होतं, साक्षीदारांच्या सह्या होत्या, आणि 'परत करण्याची तारीख' या रकान्यापुढे जागा कोरी होती.

समोरासमोरच्या दोन दारांमध्ये चार पावलांचं अंतर. तिथे आठ वर्षं अबोला पाळणं हे साधं काम नाही. एक बाहेर पडताना दुसरा दाराच्या भिंगातून बघून आत थांबायचा. बायकांनी मात्र हे भांडण पहिल्या दिवसापासून मनावर घेतलं नव्हतं. हसिनाभाभींची बिर्याणी या घरात येई, कस्तुराबाईंच्या पुरणपोळ्या त्या घरात जात, आणि दोन्ही पुरुष 'आज बरं झालंय हं' म्हणून कोणाच्या हातचं आहे ते न ओळखल्यासारखं जेवत.

आणि आता ताजुद्दीनभाई चालले होते. कायमचे. मुलगा जुनेद कोल्हापूरला स्थायिक झाला होता. त्याने इथला फ्लॅट विकायला लावला होता. रविवारी दुपारी टेम्पो येणार होता. ही बातमी कस्तुराबाईंनी महिन्यापूर्वी सांगितली तेव्हा सखारामभाऊ "बरं" म्हणाले होते आणि त्या रात्री जेवले नव्हते. माणूस एकदा कोल्हापूरला गेला की चार पावलांचं अंतर अडीचशे किलोमीटरचं होतं, आणि न सांगितलेली गोष्ट तशीच राहते. हे त्यांना कळत होतं. फक्त समोरचं दार वाजवायला निमित्त सापडत नव्हतं. ते पोरीच्या डोहाळ्यांनी आणून दिलं.

पण हातात निमित्त आलं म्हणून मान खाली घालणारे सखारामभाऊ नव्हेत. आधी आपल्या अखत्यारीतलं सगळं करायचं आणि मग, अगदीच अडलं तर, हँडलचं बघायचं, असं त्यांनी ठरवलं.

पहिली अडचण बादलीतच होती. तिच्यात कस्तुराबाईंनी गवती चहा लावला होता.

"आठ वर्षं रिकामी पडली होती," त्या म्हणाल्या. "मी काय करू? तुम्ही रोज सकाळी त्यातलाच चहा पिता."

गवती चहा उपटला, माती काढली, बादली धुतली. एक चांगलं झालं होतं. कोरड्या लाकडाच्या फळ्या आक्रसून बादली गळते. ही मातीच्या ओलीने फुगून घट्ट राहिली होती. सखारामभाऊंनी हे स्वतःच्या दूरदृष्टीचं श्रेय म्हणून घेतलं.

दुसरी अडचण हौशीराम शेलार. हौशीराम तळमजल्यावर राहत आणि सोसायटीचे सचिव होते. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असायची. किल्ली मागायला गेल्यावर त्यांनी आधी सल्ला दिला. "भाऊ, कशाला एवढी यातायात? कंडेन्स्ड मिल्क घ्या, मिक्सरला फिरवा, फ्रीजमध्ये ठेवा. आमच्या स्नेहलने मोबाइलवर बघून केलं होतं."

"कसं झालं होतं?"

"दगड झाला होता. पण पद्धत सोपी आहे."

मग त्यांनी नियमावली काढली. गच्चीवर खारं पाणी सांडणार, स्लॅबला धोका, तेव्हा लेखी अर्ज हवा. अर्जाला दोन प्रती. सोबत त्याच मजल्यावरच्या सभासदाचं ना-हरकत.

सखारामभाऊ थक्क झाले. एकतीस वर्षं त्यांनी टेबलाच्या पलीकडून लोकांना हेच सांगितलं होतं. 'उद्या या', 'सही कुठाय', 'प्रत जोडा'. टेबलाच्या या बाजूला खुर्ची एवढी टोचते हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं. आणि त्यांच्या मजल्यावर सभासद दोनच. एक ते आणि एक ताजुद्दीन.

अर्ज कस्तुराबाईंच्या हाती समोर गेला आणि पाच मिनिटांत सही होऊन आला. खाली ताजुद्दीनभाईंच्या ठसठशीत अक्षरात शेरा होता: 'हरकत नाही. मात्र झाकणाकडे लक्ष असावे.'

सखारामभाऊंनी तो शेरा चार वेळा वाचला. पहिल्यांदा राग आला. चौथ्यांदा कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "याच्या हँडलवाचून काही अडत नाही," ते मोठ्याने म्हणाले, पण घरात ते ऐकायला कोणी नव्हतं, कारण दोघी समोर हसिनाभाभींना भांडी बांधायला मदत करत होत्या.

शनिवारी सकाळी भंगारवाल्याची गाडी आली. तांबोळींच्या घरातून तीन पोती खाली गेली. सखारामभाऊ भिंगाला डोळा लावून उभेच होते. तिसऱ्या पोत्याच्या फाटक्या कोपऱ्यातून एक लोखंडी हँडल बाहेर आलं होतं, लाकडी मुठीसकट.

हँडल भंगारात! चार पावलांवर बादलीचा मालक राहतो, त्याला विचारणंही नाही! दार उघडून ओरडावं असं फार वाटलं. पण बोलणं बंद होतं. अबोल्याचा हा तोटा कोणी लक्षात घेत नाही. त्यात भांडताही येत नाही. त्यांनी पायजम्यावर शर्ट चढवला, स्कूटर काढली आणि गाडीच्या मागे लागले.

जुन्या हायवेला शनिवारचे पर्यटक लागले होते. वडगावपासून रांग. भंगारची गाडी मधूनच कुठेतरी दिसेनाशी झाली, आणि सखारामभाऊ कामशेतला पोहोचले तेव्हा जानू भंगारवाला पोती रिकामी करून चहा पीत बसला होता.

"वडगावचा माल कुठंय?"

"त्यो काय ढीग. पर आबा, तुमी कशाला हुडकताय? पोलिसात हाय का कुनी?"

"हँडल पाहिजे. लाकडी मुठीचं."

"हँडलं लय हायती. बगा तुमीच. माज्याच्यानं न्हाई व्हायचं, कंबार धरलीय."

सेवानिवृत्त अव्वल कारकून कामशेतच्या भर बाजारात दोन तास भंगाराच्या ढिगात बसले. ओळखीच्या दोन माणसांनी "जयभीम भाऊ, काय हरवलं का?" म्हणून विचारलं, आणि एकाने न विचारता नुसतीच हळहळून मान हलवली, हे जास्त लागलं. अखेर हँडल मिळालं. ते एका लोखंडी नळकांड्याला जोडलेलं होतं. गंजलेलं असेल, घरी जाऊन सोडवू, म्हणून त्यांनी सगळं उचललं.

परतताना स्टेशनच्या रस्त्यावर भागुबाई नावाची म्हातारी पानाच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसली होती. सखारामभाऊंनी पाटीच उचलली.

"सगळी?" भागुबाईने डोळे बारीक केले. "एवड्याचं करनार काय?"

"आइस्क्रीम."

"करवंदाचं? मीठ लावून खायाची वस्तू ती. दुदात घातली की दूद नासतंय. आमी आडानी मान्सं, पर येवडं कळतं बगा."

"मावशी, दुधाचं खातं माझं आहे," सखारामभाऊ करारी आवाजात म्हणाले. म्हातारीला यातलं काही कळलं नाही. तिने मूठभर करवंदं वरून घातली.

घरी कस्तुराबाईंनी ते लोखंडी नळकांडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे पॉटचं हँडल आहे होय? हा हसिनाभाभींचा शेवयांचा संचा! दर रमजानला आपल्या गच्चीवर बांधत होत्या. मी स्वतः फिरवलाय तो."

सखारामभाऊंनी तरी तो पॉटवर बसवून बघितला. बसला नाही. बसला असता तर आइस्क्रीमच्या शेवया झाल्या असत्या, असं रुपाली म्हणाली आणि पोट धरून हसली. तिला एवढं हसताना पाहून कस्तुराबाई घाबरल्या आणि सगळा दोष पुन्हा सखारामभाऊंवर आला.

रविवारी सकाळी ते बर्फाला गेले. कारखान्यावर गर्दी, लोणावळ्याच्या सरबतवाल्यांनी चांगल्या लाद्या पहाटेच उचलल्या होत्या. उरला होता तो निळसर बर्फ. "हा खायचा नाही, नुसता थंड करायचा," कारखानदाराने बजावलं. सखारामभाऊंना डब्याच्या बाहेर लावायलाच हवा होता. पोत्यात गुंडाळून लादी स्कूटरच्या पायांशी ठेवली आणि पुन्हा तीच गाड्यांची रांग. निघताना ती लोडाएवढी होती, वडगावला आली तेव्हा उशीएवढीही राहिली नव्हती. सखारामभाऊंचा पायजमा मात्र गुडघ्यापर्यंत निळा झाला होता.

जिन्यात हौशीराम भेटले. "भाऊ! निळा बर्फ! गरोदर मुलीला निळा बर्फ?"

"बाहेरून लावायचाय."

"पोटाला?"

सखारामभाऊ पोतं उचलून वर चालू लागले. हौशीरामांनी दर मजल्यावर थांबून ही बातमी कळवली, आणि दहाच्या सुमाराला चार बायका रुपालीची प्रकृती विचारून गेल्या.

आता दूध. चार लिटर म्हशीचं दूध दोन पातेल्यांत आटत होतं. करवंदं धुऊन, शिजवून, चाळणीतून गाळून त्यांनी काळाजांभळा गर काढला. चिकाने बोटं एकमेकांना चिकटली ती खोबरेल तेलानेच सुटली. गराचा रंग इतका सुरेख होता की त्यांना राहवलं नाही. त्यांनी अर्धा गर पहिल्या पातेल्यात ओतला. दूध गरम होतं. एक क्षण ते गुलाबी दिसलं आणि दुसऱ्या क्षणी फाटलं. पातेल्यात हिरवट पाणी आणि त्यात जांभळ्या गुठळ्या.

सखारामभाऊ ओट्यापाशी उभेच राहिले. दोन लिटर दूध नासलं, बर्फ वितळतोय, हँडल नाही, आणि खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. ठरल्यापेक्षा तीन तास आधी.

"पप्पा," मागून रुपाली म्हणाली. तिचा आवाज थट्टेचा नव्हता. "राहू दे ना. मला नाही पाहिजे आइस्क्रीम. मला काय पाहिजे होतं ते तुम्हाला कळलं नाही का अजून?"

त्यांना कळलं होतं. शुक्रवारीच कळलं होतं. त्यांनी हात पुसले, शेवयांचा संचा उचलला आणि चार पावलं चालून समोरचं दार वाजवलं.

दार ताजुद्दीनभाईंनीच उघडलं. भिंगातून माणूस फुगीर दिसतो. समोर बघितला तर केवढा वाळला होता. सखारामभाऊ पाठ केलेलं सगळं विसरले.

"हे तुमचं," ते संचा पुढे करत म्हणाले. "चुकून भंगारात गेलं असावं."

"तुमचं?" ताजुद्दीनभाई म्हणाले. "मी तुला 'तुम्ही' कधीपासून झालो?"

मागून हसिनाभाभी धावत आल्या. "या अल्ला, माझा शेवयांचा संचा! देऊन बसले आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सासूबाईंचा होता तो. भाऊजी, कुठं मिळाला तुम्हाला?"

"कामशेतला."

"कामशेतला भंगारात कशाला गेलावता तुम्ही?"

सखारामभाऊंनी संचा त्यांच्या हातात दिला. ताजुद्दीनभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, निळ्या पायजम्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हँडल हुडकायला गेला होतास. मी हँडल भंगारात दिलं असं वाटलं तुला?"

ते वळून आत गेले. दोरीने बांधलेली एक पेटी त्यांनी सोडली, वरच्या चादरी बाजूला केल्या आणि सगळ्यात खालून एक गाठोडं काढलं. वर्तमानपत्राच्या आत मऊ फडकं, फडक्यात हँडल. दातेरी चाकं तेलाने चकाकत होती. गंजाचा ठिपका नाही.

"दर मे महिन्यात तेल देतो," ते म्हणाले.

सखारामभाऊंनी एका चाकावरून बोट फिरवलं. "बादली नसताना हे कोल्हापूरला नेऊन काय करणार होतास?"

"तू हँडल नसताना आठ वर्षं बादलीचं काय केलंस?"

"गवती चहा लावला."

ताजुद्दीनभाई हसायला लागले. ते हसणं जिन्यातून खाली टेम्पोपर्यंत गेलं. मग त्यांनी नाक वर केलं. "नासल्याचा वास येतोय. गरम दुधात फळ घातलंस?"

"फळाचं खातं तुझं होतं."

"फळ शेवटी घालायचं, सख्या. दूध अर्धं गोठल्यावर. चल, दुसरं पातेलं गार करायला ठेव आधी."

टेम्पोवाला आकाश तासभर थांबायला तयार नव्हता. आइस्क्रीमचं नाव काढल्यावर दोन तास थांबायला तयार झाला. दूध पंख्याखाली, मग फ्रीजमध्ये, असं करत पार गार केलं. गच्चीवर बादली मांडली. पोत्यातला बर्फ बत्त्याने फोडला, एक थर बर्फ, एक थर खडेमीठ असं भरत नेलं. हौशीराम स्लॅबची पाहणी करायला नियमावली घेऊन आले होते. त्यांना हँडलच्या पहिल्या पाळीवर बसवलं. पन्नास फेऱ्यांत त्यांना नियमावलीतलं एकही कलम आठवेना. नंतर आकाश, मग दोघे मित्र आळीपाळीने. हँडल न कुरकुरता फिरत होतं. अर्ध्या वाटेत ताजुद्दीनभाईंनी मीठ पुसून, झाकण जपून उघडून गार गर आत सोडला आणि पुन्हा बंद केलं.

बाकीची मंडळी वाट्या आणायला खाली गेली. सखारामभाऊंनी हँडल हातात घेतलं. फिरवायला आता जड लागत होतं.

"ताजू," ते हँडलकडे बघत म्हणाले, "तेव्हा झाकण मी उघडलं होतं."

"फिरवत राहा. थांबलास तर गाठी होतील."

"ऐकलंस का? मी उघडलं होतं. आणि चाळीस माणसांत तुझ्यावर ढकललं."

"माहीत आहे. जिन्यातून वर येत होतो, तेव्हा बघितलं. तरी विचारलं, तूच सांगशील म्हणून."

सखारामभाऊंचा हात थांबला. "मग बोलला का नाहीस?"

"पोरीचा दिवस होता. तुझे साहेब बसले होते. म्हटलं, उद्या हा स्वतः येऊन सांगेल. सख्या, माझा राग मिठाचा नव्हता. तू येत नव्हतास त्याचा होता." ताजुद्दीनभाईंनी हँडलवर हात ठेवला, त्यांच्या हातावरच. "जरा उशीर केलास. कचेरीतली सवय. फिरव आता."

दोघांनी मिळून फिरवलं. सखारामभाऊंचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. आठ वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं एका वाक्याचं होतं, हे त्यांना त्या गच्चीवर कळलं, आणि स्वतःच्या मूर्खपणाचं हसूही आलं.

झाकण ताजुद्दीनभाईंनी उघडलं, आणि उघडायच्या आधी सखारामभाऊंचे दोन्ही हात मागे बांधायला लावले. आत घट्ट, मऊ, गडद गुलाबी आइस्क्रीम होतं. पहिली वाटी रुपालीची. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, डोळे मिटले.

"छान झालंय," ती म्हणाली. "पण तसं नाही झालं."

"तसं म्हणजे?"

"निकालाच्या वेळचं जरा खारट होतं ना. करवंदाला मीठ लावून खातो तशी चव होती. तुम्ही भांडत होतात तेव्हा मी आणि नुसरत पाण्याच्या टाकीमागे बसून चार वाट्या खाल्ल्या होत्या. मला तर तेच हवं होतं."

हसिनाभाभींनी तोंडाला पदर लावला, कारण नुसरत म्हणजे त्यांचीच मुलगी. सखारामभाऊंना भागुबाईची आठवण झाली. आणि मग दोघा मित्रांनी एकदमच मिठाच्या पिशवीत हात घातला.

"चिमूटभर," सखारामभाऊ म्हणाले.

"चिमटीने काय होतंय? फळाचं खातं माझं आहे."

"मीठ फळात येत नाही."

"मग कुठल्या खात्यात येतं?"

आठ वर्षांचा अनुशेष त्यांनी मिठाच्या प्रमाणावर भरून काढला. कस्तुराबाईंनी शेवटी दोघांना बाजूला करून आपल्या अंदाजाने मीठ टाकलं, आणि रुपालीने तीन वाट्या संपवल्या. आकाशने चार. हौशीरामांनी पहिल्या वाटीनंतर निळ्या बर्फाविषयी पुन्हा चौकशी केली आणि दुसरी घेतली.

दुपारी टेम्पो भरून झाला. सखारामभाऊ धुतलेली बादली आणि डबा घेऊन खाली आले. "घेऊन जा," ते म्हणाले. "सगळा पॉट घेऊन जा. मी एकटा काय करणार?"

ताजुद्दीनभाईंनी बादली त्यांच्या हातात परत दिली. हँडल त्यांनी सोडवून, पुसून, फडक्यात बांधलं होतं. "बादली तुझ्याकडे, हँडल माझ्याकडे," ते म्हणाले. "वाटणी झालेली आहे. कागद आहे ना तुझ्याकडे?"

कागद होता. अव्वल कारकुनाकडून कागद हरवत नाही. सखारामभाऊ दोन जिने चढून गेले, पत्र्याच्या पेटीतून पिवळी पडलेली ताबापावती घेऊन धापा टाकत खाली आले, टेम्पोच्या बॉनेटवर ती पसरली आणि 'परत करण्याची तारीख' या कोऱ्या रकान्यात आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'रुपालीच्या बाळाचं बारसं.'

ताजुद्दीनभाईंनी चष्मा लावून ते वाचलं, खाली सही केली आणि म्हणाले, "दुसरी प्रत?"

"उद्या या," सखारामभाऊ म्हणाले, आणि टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बादली पोटाशी धरून उभे राहिले.